अ‍ॅपात न मावलेला फड

जुन्नर-आंबेगावात रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी धरायला निघालेला माणूस मोबाईलवर मोठ्यानं गाणं लावतो, ते निव्वळ करमणुकीसाठी नसतं. उसात बिबट्या असतो. एकट्यानं जाऊ नका, बॅटरी आणि काठी जवळ ठेवा, मोबाईलवर गाणी चालू ठेवा, असं वनखातंच सांगतं. शेतीपंपाची लाईट पाळीनं येते आणि रात्रपाळी आली की इलाज नसतो. मग खांद्यावर फावडं, खिशात फोन आणि फोनवर लागेल ते: अभंग, ‘सैराट’, बैलगाड्याचं गाणं, नाहीतर कुणाचं तरी कीर्तन. उसाच्या मधोमध गेलं की रेंज जाते, पडद्यावर चकती गरगरत राहते आणि गाणं थांबतं. शांतता नको असते ती नेमकी तिथंच. म्हणून हुशार पोरं संध्याकाळीच गाणी उतरवून ठेवतात. त्यांच्याहून हुशार म्हातारे मेमरी कार्डवर चालणारा छोटा स्पीकर बाळगतात, त्याला रेंज लागत नाही.

ऑनलाइन संगीतावर मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक शहरातल्या श्रोत्याला समोर धरून. कुठलं अ‍ॅप स्वस्त, कुणाचा आवाज स्वच्छ, जाहिराती कुणाच्या कमी. हे प्रश्न खोटे नाहीत. पण जुन्नर-आंबेगाव हे दोन तालुके नुसते ऐकणाऱ्यांचे नाहीत, इथून गाणं बाहेर गेलेलं आहे. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला आणि विठाबाई त्याच घरातल्या. जगातलं गाणं खिशात आलं हे खरंच, पण त्यात इथलं किती आलं, कसल्या रूपात आलं आणि त्याचे पैसे कुणाला गेले, हे विचारायला नारायणगावाइतकी योग्य जागा दुसरी नाही.

चैत्राच्या तोंडावर नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात. कापडी पाल, समोर फडमालकाच्या नावाचा मोठा फलक, आत सतरंजी, चार खुर्च्या आणि एक वही. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, चहा होतो, तारीख सांगितली जाते. रात्रीचा खेळ एकटाच की दुसऱ्या दिवशीची हजेरीही, गेल्या साली गावात कुणाचा तमाशा होता, गाव किती लांब, यावर घासाघीस होते. तारीख मोक्याची असेल तर सुपारी चढते. अलीकडे या बोलण्यात मोबाईल शिरलाय. कमिटीतला तरुण यूट्यूबवर त्याच फडाचा गेल्या हंगामातला खेळ काढतो, फोन मालकापुढे धरतो आणि विचारतो, “ही पोरगी हाय का औंदा?” फडाला ऑनलाइनचा पहिला आणि आजवरचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे. त्यातून सुपारी मिळते. गाणं ऐकल्याचे पैसे मिळतात ते दुसऱ्याच कुणाला, त्याकडे पुढे येऊ.

गाणं यंत्रात शिरल्याला सव्वाशे वर्षं होत आली. १९०२ साली कोलकात्यात गौहरजानचा आवाज तबकडीवर घेतला गेला, तेव्हापासून पुढची कित्येक दशकं गाण्याची लांबी तबकडीनं ठरवली: एका बाजूला तीन, फार तर साडेतीन मिनिटं. गवयांनी ख्याल तेवढ्यात बसवला. लावणीलाही ते सोसलं. तमाशातल्या वगाला सोसणं शक्यच नव्हतं, तो तासन्‌तासांचा. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुण्याचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं आणि १ एप्रिल १९५५ पासून ‘गीतरामायण’ वर्षभर चाललं. गीतं छप्पन, आठवड्याला एक नवं गीत. ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओसरीवर आळी जमे. आज ती छप्पन गीतं एका बैठकीत ऐकता येतात. बहुतेक जण पहिली पाच-सहा ऐकून दुसरीकडे वळत असावेत, असा माझा अंदाज.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि खेड्यातल्या गाण्याचं फावलं. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ या १९९३ च्या पुस्तकात उत्तर भारताचं जे चित्र मांडलं, एका बड्या कंपनीची सद्दी संपून गल्लीबोळात छोटे उत्पादक उभे राहिल्याचं, ते महाराष्ट्रालाही लागू पडतं. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांतून घरोघर गेले. कॅसेटच्या एका बाजूला अर्धा तास मिळे, त्यामुळे पहिल्यांदाच वगाला हातपाय पसरायला जागा झाली. नामांकित फडांचे वग ज्यांनी कनातीत बसून पाहिले नाहीत, त्यांनी ते ट्रॅक्टरवर ऐकले.

मग मेमरी कार्ड. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी नारायणगाव, मंचर, घोडेगाव, ओतूर, कुठल्याही स्टँडजवळच्या मोबाईल दुकानाच्या काचेवर ‘गाणी भरून मिळतील’ अशी चिठ्ठी डकवलेली असायची. दहा-वीस रुपये टेकवले की गल्ल्यामागचा पोऱ्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरांतून भराभर ओढून कार्ड भरून द्यायचा. फोल्डरांची नावं अशी: ‘देवाची’, ‘हळदीची’, ‘बैलगाडा’, ‘वग’, ‘जुनी हिंदी’, ‘डीजे’, ‘रडकी’. ही उघड चोरी होती. कवीला, गायकाला, कंपनीला दमडी मिळत नव्हती. पण गिऱ्हाईक कुठल्या गावचं, तिथली यात्रा कधी, कार्ड म्हाताऱ्याचं की पोराचं, हे त्या पोऱ्याला न विचारता कळायचं. अ‍ॅपवर ‘मराठी रोमँटिक’, ‘मराठी पार्टी’, ‘मराठी भक्ती’ असे खण असतात. ‘बैलगाडा’ आणि ‘वग’ असे वेगळे खण करावेत हे अजून कुणाला सुचलेलं दिसत नाही.

ऑनलाइनचा धंदा मराठी माणसानं आरंभीच केला होता हे आता फारसं कुणाला आठवत नाही. स्नेहल आणि स्वप्नील शिंदे या जुळ्या भावांनी २००७ साली ‘धिंगाणा’ नावाची सेवा काढली. भारतीय गाणी, फुकट, संगणकावर आणि पुढं फोनवर. ती लाखोंनी ऐकली. गाण्यांची मालकी मात्र कंपन्यांची. टी-सीरिजशी परवान्याचं जमेना आणि २०१४ च्या फेब्रुवारीत धिंगाणा बंद पडली. आर्डिओ या अमेरिकी कंपनीनं ती विकत घेतली, आणि पुढच्याच वर्षी आर्डिओचंही दिवाळं वाजलं. तोवर सावन, गाना, हंगामा बाजारात आल्या होत्या. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि डेटा स्वस्त झाला, तिथपासून खेड्यातल्या ऐकण्याचा खरा हिशोब मांडायचा. २०१८ मध्ये जिओचं संगीत अ‍ॅप आणि सावन एक झाले, २०१९ च्या फेब्रुवारीत स्पॉटिफाय आलं, पाठोपाठ मार्चमध्ये यूट्यूब म्युझिक.

सुख खरं आहे, ते कमी लेखायचं कारण नाही. साधा आकडा पाहा. ९६ केबीपीएस दर्जाचं गाणं तासाला सुमारे ४३ एमबी खातं. रोज दीड जीबी मिळत असेल तर दिवसाचे तास संपतील, डेटा संपणार नाही. यूट्यूबवर चित्रासकट ऐकलं की हाच खर्च कैक पटींनी वाढतो, आणि आमच्याकडे पुष्कळ मंडळी गाणं ऐकतात ती यूट्यूबवरच, फोन पालथा ठेवून.

पैशाहून मोठं सुख निवडीचं. ज्या घरात शास्त्रीय संगीताची एकही कॅसेट कधी आली नाही, तिथला मुलगा आज मल्लिकार्जुन मन्सूरांच्या जुन्या तबकड्या ऐकू शकतो आणि तिथून कुठंही जाऊ शकतो. बैठकीची लावणी म्हणजे काय हे आमच्या ढोलकी-फडाच्या मुलखात कमीच जणांना माहीत होतं. यमुनाबाई वाईकरांची अदा आता बसल्या जागी पाहता येते. भजनी मंडळांचं तर विचारूच नका. पूर्वी एखाद्या अभंगाची नवी चाल बसवायची तर जाणत्या बुवाच्या मागं हिंडावं लागे, आळंदीत चार महिने काढलेला कुणी असेल तर त्याला धरावं लागे. आता मृदंगवाला, पेटीवाला आणि बुवा एका फोनभोवती बसतात, तेच कडवं दहा वेळा मागं घेतात आणि सप्ताहाच्या आत चाल तयार. याची दुसरी बाजूही ऐकू येते. काकड्याला शेजारच्या तीन गावांत तीच चाल, तीच तान, तिथंच घेतलेला श्वास. गावागावाची म्हणून जी वाकडी-तिकडी चाल होती ती म्हाताऱ्यांबरोबर जाते आहे, आणि ती कुणी फोनवर घेऊन ठेवलेली नाही.

मुंबईतला माणूस हा या दोन तालुक्यांचा अर्धा संसार. डबेवाले मुख्यतः खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ इथले. चैत्रात यात्रेसाठी ते धंदा चार-सहा दिवस बंद ठेवून गावी येतात हे सगळ्या मुंबईला माहीत आहे. ज्याला येता येत नाही तो आता यात्रा फोनवर पाहतो. छबिना निघालाय, डफडं वाजतंय, चित्र हलतंय, मधेच कुणाचा तरी हात आडवा येतो. आवाज फाटलेला असतो. तरी तो शेवटपर्यंत पाहिला जातो.

सगळ्यात नवं काय घडलं असेल तर बैलगाड्याचं गाणं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून त्यांना पुन्हा परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. शर्यतीचे घाट ओस होते त्या वर्षांत बैलगाडा फोनवर जगला: जुनी चित्रणं, निवेदकाची आरोळी, त्यावर बांधलेली गाणी. शर्यती परत आल्या तेव्हा हा प्रकार चांगला रुजलेला होता. आता गाडामालक आपल्या बैलाच्या नावानं गाणं करवून घेतो. तालुक्याच्या गावात एखाद्या खोलीत कीबोर्ड आणि माईक मांडून ते ध्वनिमुद्रित होतं आणि वितरकाला वर्षाची थोडकी फी भरली की ते जगभरच्या अ‍ॅपवर चढतं. कुठल्या कंपनीचा उंबरा नाही, कुणाची शिफारस नाही. गाणी बहुतेक एकाच चालीची, ऑटोट्यूननं तासलेली, मला त्यातली फारशी आवडत नाहीत. पण कॅसेटच्या काळातही छोट्या माणसाला इतकी मोकळी वाट नव्हती हे कबूल करायला हवं. संगीतकार अजय-अतुल यांचं बालपण वडिलांच्या महसूल खात्यातल्या बदलीच्या नोकरीमुळे पुणे जिल्ह्याच्या याच उत्तर भागात गेलं. त्यांना गाणं घेऊन पुण्या-मुंबईला जाऊन वर्षानुवर्षं दारं ठोठवावी लागली. आजच्या पोराला निदान पहिलं दार ठोठवावं लागत नाही.

मग फडच या अ‍ॅपांच्या आत का येत नाही?

पहिलं कारण, अ‍ॅपला कळतं ते गाणं. सुरुवात, शेवट, तीन-चार मिनिटं, एक गायक, एक चित्र. ढोलकी-फडाचा तमाशा असा कापता येत नाही. आधी गण, मग गवळण. तिच्यात पेंद्या गवळणींची वाट अडवणार, मावशी कमरेवर हात ठेवून त्याला झाडणार. मग बतावणी, रंगबाजी, आणि मध्यरात्रीनंतर वग. यात गाणं कुठं संपतं आणि बोलणं कुठं सुरू होतं हे सांगणं मुश्कील. सोंगाड्याचा विनोद गावच्या सरपंचावर, साखर कारखान्याच्या भावावर, कालच्या बातमीवर असतो. तो दुसऱ्या गावी वेगळा होतो. त्यातली लावणी तेवढी उचलून अ‍ॅपवर ठेवली की ती सिनेमातल्या लावणीची गरीब नक्कल वाटते, कारण तिच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरची टाळी कापली गेलेली असते.

दुसरं कारण यंत्राचं. ढोलकीच्या शाईवरची थाप फोनच्या चिमुकल्या स्पीकरातून ऐकू येते, पण धुमाचा घुमारा त्यातून निघूच शकत नाही, तेवढी खालची कंपनं त्याला पेलत नाहीत. उरतं ते टकटक. तुणतुणं मात्र नको इतकं पुढं येतं. त्यात चित्रण केलेलं असतं मंडपातल्या कर्ण्यासमोर उभं राहून. चांगले हेडफोन लावले तरी मुळात जे आत गेलंच नाही ते बाहेर कुठून येणार?

तिसरं कारण नावांचं, आणि हे सुधारता येण्याजोगं असूनही कुणी मनावर घेत नाही. ‘लावणी’ असं शोधलं की सुलोचना चव्हाण येतात. येणारच, त्यांचा आवाज तसा होता. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या गेल्या. पण त्या तमाशाच्या बोर्डावरच्या नव्हेत, डोक्यावर पदर घेऊन उभ्यानं गाणाऱ्या पार्श्वगायिका. त्यांच्यापाठोपाठ सिनेमे येतात: ‘सांगत्ये ऐका’, ‘पिंजरा’, ‘नटरंग’. तमाशाचं नाव घेऊन सिनेमाच पुढं येतो. फडाची गवळण शोधायची तर रोमन अक्षरांत तिची चार-पाच स्पेलिंगं चालवून पाहावी लागतात. सापडली तरी गाणाऱ्या बाईचं नाव नसतं, ढोलकी कुणाची ते नसतं, पद कुणी रचलं ते तर नसतंच. चॅनेलच्या मालकाचं नाव आणि फोन नंबर तेवढा चित्रभर नाचत असतो. विठाबाईंच्या नावानं शोधलं तर पुष्कळ हाती लागतं, पण बहुतेक त्यांच्याविषयीचं: आठवणी, भाषणं, रंगमंचावर पोट दुखू लागल्यावर मागं जाऊन बाळंत झाल्याची आणि पुन्हा बोर्डावर उभं राहिल्याची ती गोष्ट, शंभर आवाजांत. १९३५ साली जन्मलेल्या आणि १५ जानेवारी २००२ ला हलाखीत गेलेल्या या बाईचा स्वतःचा आवाज त्या गर्दीत हुडकावा लागतो. राज्य सरकार २००६ पासून त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं.

हे काम नीट करता येतं हे दोन मराठी उदाहरणांनी सिद्ध केलं आहे, आणि दोन्ही बाजाराबाहेरची. अलका विभास यांचं ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ २००३ पासून चालू आहे. तिथं गाण्याखाली गीतकार, संगीतकार, गायक, राग, नाटक-सिनेमा सगळं मिळतं. दुसरं जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी ऐंशीच्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखाच्या वर ओव्या जमा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांची संगणकीय मांडणी सांभाळली. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं त्या ओव्या आवाजासकट लोकांपुढे ठेवल्या. ओवी गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, शेत किती, मुलं किती, ध्वनिमुद्रण कधीचं, हे तिथं लिहिलेलं असतं. मोठमोठ्या अ‍ॅपना कोट्यवधींच्या गुंतवणुकीवर जे जमलं नाही ते चार कष्टाळू माणसांनी वहीत लिहून जमवलं.

आता पैसा. बहुतेक अ‍ॅप वर्गणी आणि जाहिरातीची जमा एका हौदात टाकतात आणि ज्याचं गाणं एकूण ऐकण्यात जितका हिस्सा घेईल तितका वाटा त्याच्या मालकाला देतात. तुम्ही महिनाभर फक्त गवळणी ऐकल्या तरी तुमच्या वर्गणीचा मोठा भाग त्या महिन्यात जे हिंदी गाणं गाजलं त्याच्याकडे जातो. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ऐकलं असं धरतात. म्हणून हल्लीची गाणी आलाप न घेता थेट धृपदावर उडी मारतात, आणि म्हणूनच निवांत सुरू होणाऱ्या गणाची तिथं गय नाही. भारतात एका ऐकण्यामागचा दर रुपयांत सांगण्याजोगा नाही, पैशांत सांगावा लागतो. २०२४ पासून त्यात आणखी एक पाचर बसली: वर्षभरात हजारापेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला स्पॉटिफाय काहीच देत नाही. गावच्या भजनी मंडळाची ध्वनिफीत हजाराच्या आतच राहणार. ते पैसे हजाराच्या वरच्यांना वाटले जातात.

याच्या शेजारी फडाचा हिशोब ठेवून पाहा. तिथं दौलतजादा असते. खुर्चीवरचा माणूस नोट पुढं करतो, फर्माईश सांगतो, माईकवरून त्याचं आणि गावाचं नाव पुकारलं जातं आणि ते पद होतं. ऐकणाऱ्याचा पैसा थेट बोर्डावर, त्याच रात्री. मी या पद्धतीचे गोडवे गाणार नाही. नोट हातात द्यायची की आणखी कुठं खोचायची यावरून बायांना काय सोसावं लागलं ते तमाशातल्या बायांनीच सांगून ठेवलंय, आणि कित्येक फडांत त्या पैशातला किती हिस्सा नाचणारीला मिळायचा हाही वादाचा विषय. तरी एक गोष्ट उघड आहे. गाणं कुणी गायलं आणि पैसा कुणासाठी दिला हे देणाऱ्याला दिसत होतं. फोनवर तेच दिसेनासं झालंय. करोनामुळे २०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन हंगाम यात्रा बंद होत्या. राहुट्या पडल्या नाहीत, कलावंत मजुरीला गेले. त्याच काळात फडांची जुनी चित्रणं घराघरांत चालत होती. आपल्याच गवळणीखाली वाढणारे आकडे वाचत बसण्यापलीकडे फडमालकाच्या हाती काही नव्हतं.

चॅनेलवाले बहुतेक वेळा तिऱ्हाईत असतात: यात्रेत तिपाई लावून उभा राहिलेला कुणीही. कीर्तनात हेच झालं. शेजारच्या अकोले तालुक्यातले निवृत्तीमहाराज इंदुरीकर यांनी आपल्या कीर्तनाचे तुकडे तोडून यूट्यूबवाले कमाई करतात अशी जाहीर तक्रार अनेकदा केली आणि चित्रणाला मज्जावही केला. त्यांच्या शब्दाला वजन आहे, म्हणून तो मज्जाव निदान बातमी झाला. फडातल्या बाईनं असं म्हटलं तर ऐकणार कोण?

आणि ऐकणाऱ्याच्या हाती तरी काय राहतं? अ‍ॅपवरचं गाणं भाड्याच्या खोलीसारखं, मालकांचं आपसात बिनसलं की सामान बाहेर. २०१९ मध्ये सारेगामा आणि स्पॉटिफाय यांचं फिसकटलं आणि जुन्या एचएमव्हीचा खजिना तिथून उतरवला गेला, तो २०२० च्या मे महिन्यातल्या करारानंतर परत आला. २०२३ च्या मार्चमध्ये झी म्युझिकची गाणी काही काळ अशीच गडप झाली. २०२२ मध्ये गाना फुकटची सशुल्क झाली. २०२४ मध्ये रेसो आणि विंक ही अ‍ॅप बंदच पडली. विंकवर उतरवून ठेवलेली गाणी विंकबरोबर गेली, उसातली सोबतही गेली. ‘उतरवून घ्या’ असं अ‍ॅप म्हणतं त्याचा अर्थ ‘तुमचं झालं’ असा नसतो, हे खेड्यातल्या श्रोत्याला कुणी सांगितलेलं नाही. कायद्यानंही कंपन्यांचीच बाजू घेतली. रेडिओसारखा ठरल्या दरात परवाना आम्हालाही मिळावा असं विंकचं म्हणणं होतं. मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ च्या टिप्स विरुद्ध विंक या निकालात ते फेटाळलं आणि २०२२ मध्ये खंडपीठानं तेच कायम केलं. म्हणजे गाणं द्यायचं की नाही आणि कितीला, हे मालक ठरवणार. सारेगामाच्या ‘कारवाँ’नं, २०१७ पासून, पेटीतच गाणी भरून विकली आणि ती पेटी म्हाताऱ्यांनी उचलून धरली, यात नवल नाही. ना रेंज, ना पासवर्ड, बटण दाबलं की गाणं.

पश्चिमेकडे, भीमाशंकर, आहुपे, घाटघरच्या पट्ट्यात, मुळात रेंजचाच पत्ता नसतो. तिथं या सगळ्या चर्चेला अजून सवड आहे. आणि पूर्वेला खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आकाशाकडे कान लावून आहे. रेडिओ लहरींचा गोंगाट कमी म्हणून शास्त्रज्ञांनी हा मुलूख निवडला. आपल्याला हव्या असलेल्या रेंजची त्यांना धास्ती वाटते, ही या तालुक्यांची खास गंमत.

जतनाचं काय? ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, म्हणजे दर १ जानेवारीला आणखी एका वर्षाच्या तबकड्या मोकळ्या होतात. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ची ध्वनिमुद्रणं २०२० उजाडताच मोकळी झाली. गीतांचं मात्र तसं नाही. त्यावरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. ‘गीतरामायण’ लिहिणारे गदिमा १९७७ साली गेले, तेव्हा त्यांच्या शब्दांना २०३७ संपेपर्यंत थांबावं लागेल. मोकळ्या झालेल्या तबकड्या कुणाकडे आहेत? मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या हौशी मंडळींकडे. फडांचं जे तबकडीवर कधी गेलंच नाही ते कॅसेटींत आणि व्हीएचएसवर आहे, फडमालकांच्या घरांत ट्रंकेत, आणि घाटाखालून चढून येणारा पावसाळा त्या फितींना बुरशी आणतो. हे काम विद्यापीठाचं आहे, सांस्कृतिक खात्याचं आहे. तिथून एक माणूस आणि एक यंत्र नारायणगावात येऊन वर्षभर बसलं तरी पुष्कळ हाती लागेल.

जिवंत खेळापुरता उपाय तर कायद्यात आधीच पडून आहे. कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचा हक्क म्हणून वेगळं कलम आहे. सादरकर्ता कोण, तर नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, अगदी गारुडीसुद्धा. त्यांच्या परवानगीशिवाय खेळाचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रण करणं हा हक्कभंग, आणि हा हक्क पन्नास वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीनं तो आणखी पक्का झाला. मावशी, सोंगाड्या, ढोलकीवाला, झीलकरी, सगळे यात बसतात. सुपारीच्या कागदावर तारीख असते, विसार असतो, स्टेजची जागा, जेवण, पाणी असतं. चित्रण कोण करणार, ते कुठल्या चॅनेलवर जाणार, खाली नावं कुणाची लागणार आणि जमा कुणाच्या खात्यात, याची ओळ सहसा नसते. ती घालायला फडमालक आणि यात्रा कमिटी एवढी दोनच माणसं लागतात, आणि ती दोघं चैत्राच्या आधी त्या राहुटीत समोरासमोर बसलेलीच असतात.